किशोरीताईंचा भूप आणि अण्णांच्या वह्या

धागालेखिका

काल ३ एप्रिल होता. २०१७ साली याच दिवशी रात्री जयपूर घराण्याच्या गायिका किशोरीताई आमोणकर प्रभादेवीच्या आपल्या घरी निवर्तल्या. त्यांच्या वाढदिवसाला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. त्यानंतर दर वर्षी या दिवशी संध्याकाळी सात वाजता मला अण्णांचा फोन येत असे. "लावतोय," एवढेच ते म्हणत, आणि मग ते गिरगावात आणि मी मुलुंडला, असे आम्ही दोघे एकाच वेळी ताईंचा भूप राग ऐकत असू. या वर्षी फोन आला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, वयाच्या ८१व्या वर्षी, अण्णा गेले.

इथल्या काही जणांनी त्यांना नक्की पाहिलेले असेल. रवींद्र नाट्य मंदिरात डाव्या कडेच्या खुर्चीवर बसणारे, मांडीवर दोनशे पानी शाळकरी वही ठेवणारे आणि गाणे संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत असताना हात तसेच मांडीवर ठेवून काही क्षण थांबणारे उंच गृहस्थ, ते अण्णा. ते गायक नव्हते, समीक्षकही नव्हते. फोर्टमधल्या एका बँकेत त्यांनी ३५ वर्षे नोकरी केली आणि त्या पगारातून जमेल तेवढे गाणे ऐकले. त्यांची माझी ओळख १९८६ साली तिकिटाच्या रांगेत झाली. मी तेव्हा २३ वर्षांची होते आणि नुकतीच ठाकूरद्वारला मावशीकडे राहायला आले होते. "तुम्ही काय ऐकायला आलात?" असे त्यांनी मला विचारले आणि मी मोठ्या उत्साहाने "सहेला रे" असे सांगितले. ते हसले नाहीत की त्यांनी मला कमीही लेखले नाही. ते म्हणाले, "ती द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश आहे. ताईंच्या रेकॉर्डवर तिच्या आधी 'प्रथम सुर साधे' हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल आहे. घरी गेल्यावर आधी तो ऐका. त्या वाटेने आलात तर 'सहेला रे' जिथे पोचते, तिथे तुम्हीही पोचाल."

त्या दिवशी ताईंनी भूप गायलाच नाही. परंतु कार्यक्रमानंतर दादर स्टेशनापर्यंत आम्ही चालत आलो, चर्नी रोडला जाणारी धीमी लोकल पकडली, आणि जवळजवळ रिकाम्या डब्यात महालक्ष्मीपासून ग्रँट रोडपर्यंत अण्णांनी मला भूप आणि देशकार यांतला फरक दाखवला. दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. त्यांनी हलक्या आवाजात पंचमावरून गंधारावर येऊन दाखवले, तिथे थांबले, आणि उजव्या हाताचे बोट गुडघ्यावर टेकवून म्हणाले, "इथे बसायला जागा आहे ना? हा भूप. संध्याकाळचा." मग तेच स्वर घेऊन ते धैवताकडे गेले आणि तिथे थांबले. "आता बैठक वर गेली. हा देशकार. सकाळचा." वादी, संवादी, पूर्वांग, उत्तरांग हे शब्द मी पुस्तकात वाचले होते, पण एखादा स्वर म्हणजे माणसाने बसायची जागा असते, हे मला त्या डब्यात कळले. त्यांचा गळा बेसूर नव्हता, पण जाडाभरडा होता. तरीही ताईंचा भूप लागला की पहिल्या गंधाराला मला आजही आधी अण्णांचे बोट दिसते आणि मग ताईंचा स्वर ऐकू येतो.

हा धागा काढण्याचे कारण असे. ताई गेल्या तरी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांत, आकाशवाणीच्या संग्रहात, त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांत आहे, आणि 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात त्यांचा विचारही आहे. अण्णा ज्या तऱ्हेने ते गाणे ऐकत, ते ऐकणे मात्र कुठेच राहिलेले नाही. मी ४० वर्षे ज्या कानांच्या आधाराने ऐकत आले ते कान गेले, आणि आता भूप लावला तर तो मला पूर्वीइतका ऐकू येत नाही, असे मी अगदी प्रामाणिकपणे सांगते.

वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नींनी, मला त्यांच्या १९ वह्या आणि कॅसेटचा एक पत्र्याचा डबा दिला आहे. डब्यात ३१ कॅसेट आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांनी घरी आकाशवाणीवरून टिपलेल्या आहेत. चाळीतल्या पोटमाळ्यावर इतके पावसाळे काढल्यामुळे काहींच्या फितीवर पांढरी भुकटी धरलेली दिसते. त्यांचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आणि ज्यांना अण्णा माहीत होते, किंवा ज्यांचा असाच एखादा ऐकण्यातला सोबती गेला आहे, त्यांनी इथे लिहावे अशी विनंती आहे.

गिरगावकर

बातमी वाचून फार वाईट वाटले. त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते, पण तुम्ही वर्णन केलेले गृहस्थ मी अनेकदा पाहिले आहेत. माटुंग्याच्या एका सकाळच्या मैफलीत मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो. ताई स्वरमंडल जुळवत होत्या आणि बराच वेळ झाला होता. माझ्या शेजाऱ्याने घड्याळाकडे पाहून काहीतरी पुटपुटल्यावर ते मागे वळून अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "सुरुवात झालेली आहे." त्यानंतर मी कुठल्याही कलाकाराच्या तंबोरे जुळवण्याला प्रतीक्षा समजलो नाही. त्यांना माझी मनःपूर्वक श्रद्धांजली.

पार्लेकर

अण्णांना विनम्र अभिवादन. मी त्यांना दोनदाच भेटलो आणि दोन्ही वेळा आमचा वाद झाला, म्हणून हे लिहीत आहे. शोकाच्या प्रसंगी मतभेद काढणे कोणाला अप्रशस्त वाटेल, परंतु त्यांना स्वतःला तसे वाटले नसते.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे, की जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या गायकीचा प्राण स्वर आणि लय यांच्या घट्ट विणीत आहे. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याकडे विलंबित म्हटला जाणारा ख्यालसुद्धा मध्यलयीकडे झुकलेला असतो, तालाचे आवर्तन कुठेही सैल पडत नाही, आणि गायक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा तो आता येणार हे आपल्या अंगाला आधीच कळलेले असते. किशोरीताईंनी लय खाली आणली, आलाप वाढवला, मींड (स्वरातून स्वरात न तुटता जाणे) आणि भाव यांना अग्रस्थान दिले. त्यातून अलौकिक क्षण निर्माण झाले, हे मी नाकारत नाही. पण ती वीण उसवली, हेही नाकारता येत नाही. अण्णा तर मूळचे मन्सूरअण्णांचे भक्त. मग त्यांनी हे कसे स्वीकारले, हे मला त्यांच्याकडून कधी नीट समजले नाही. वह्यांत त्याचे उत्तर असल्यास कृपया सांगावे.

धागालेखिका

पार्लेकर, तुम्ही लिहिलेत याचा मला आनंद झाला. तुमच्याशी झालेला एक वाद त्यांनी मला फोनवर सविस्तर सांगितला होता आणि "त्या गृहस्थांचा कान पक्का आहे" असे ते म्हणाले होते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर वह्यांत आहे, पण ते सरळ नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, सभागृह, साथीदार, राग, बंदिश, आणि षड्ज, म्हणजे पहिला सा, किती वाजता लागला याची वेळ असते. त्याखाली एक ओळ सोडून "माझे चुकले" असे शीर्षक असते आणि त्यात स्वतःच्या ऐकण्यातल्या चुका असतात: कुठे लक्ष उडाले, कुठला राग सुरुवातीला भलताच वाटला, कुठे अकारण चिडलो. १९७०च्या दशकातल्या वह्यांत ताईंच्या मैफलींबद्दल लयीची तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी आहे, तुमच्याच शब्दांत म्हणता येईल अशी. पुढे १९८१ सालची एक नोंद आहे, राग संपूर्ण मालकंस. तिथे तक्रार लिहायला सुरुवात केलेली आहे, अर्ध्या वाक्यावर ती खोडली आहे आणि "माझे चुकले" खाली लिहिले आहे की मी आवर्तने मोजत बसलो आणि रिषभ केव्हा आला ते मला कळलेच नाही. नेहमीच्या मालकंसात रिषभ आणि पंचम नसतात; या प्रकारात ते येतात आणि त्यांच्या येण्यावरच सगळे अवलंबून असते, हे आपणास सांगायला नको.

याचा अर्थ त्यांनी लयीची तक्रार सोडून दिली असा मात्र नाही. ती १९९०नंतरच्या वह्यांतही आहे. ताईंवर त्यांचे नितांत प्रेम होते आणि तालाच्या बाबतीत त्यांचे ताईंशी अखेरपर्यंत जुळले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याचाच वाटतो. भक्तीपोटी कानावर पडदा ओढून घेणारे श्रोते मी पुष्कळ पाहिले आहेत. अण्णांनी तसे कधीच केले नाही.

मध्यसप्तक

मी किशोरीताईंच्या परंपरेतल्या एका गुरूंकडे बरीच वर्षे शिकले आहे. पार्लेकरांच्या मुद्द्याबद्दल थोडे सांगावेसे वाटते.

ताईंच्या मींडेचे मूळ शोधताना आपण बहुतेक वेळा त्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवतो आणि शिक्षणाकडे दुर्लक्ष करतो. माईंची, म्हणजे ताईंच्या आई मोगूबाईंची, तालीम हा पाया होताच. वडील लहानपणीच गेले. माईंनी एकटीने मुले वाढवली आणि त्या काळात स्त्री कलाकाराला जे अपमान सोसावे लागत ते मुलीच्या डोळ्यांदेखत सोसले. ताई मैफलीच्या अटींबाबत इतक्या काटेकोर का होत्या, शांततेचा आग्रह इतका का धरत, याचे उत्तर अनेक लोक त्यांच्या तथाकथित लहरीपणात शोधतात. मला ते त्या वर्षांत सापडते. पण माईंच्या जोडीला ताई भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या. हे घराणे तर आपल्या मुंबईचेच, वस्तीचेच नाव लावणारे. स्वरावरून स्वरावर न तुटता जाणे, मधली वाटही स्वरांइतकीच जागती ठेवणे, हे अंजनीबाईंकडून आले असे ताई स्वतः मानत. आग्र्याच्या अन्वर हुसेन खाँसाहेबांची आणि ग्वाल्हेरच्या शरच्चंद्र आरोलकरबुवांचीही तालीम त्यांना मिळाली होती. त्यामुळे जयपूरची वीण उसवली असे म्हणण्यापेक्षा त्या विणीत दुसऱ्या घरचा धागा जाणीवपूर्वक घातला, असे मला वाटते. तो आवडावा असा आग्रह नाही.

दुसरे असे की मध्यंतरी काही काळ ताईंचा आवाज गेला होता आणि त्यांना गाताच येत नव्हते. त्या काळात त्यांनी गाण्याचा केवळ विचार केला, मनातल्या मनात गायल्या. ज्या व्यक्तीने आवाजाशिवाय राग सांभाळला, तिला पुढे आवाज मिळाल्यावर घाई का असेल?

अण्णांच्या "माझे चुकले" या रकान्याबद्दल वाचून मी बराच वेळ काही करू शकले नाही. आम्ही शिकणारे लोक सुद्धा असे लिहीत नाही.

शीवकर

माझा सोबती म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो २०२१ साली करोनात गेला. त्याचे शिक्षण बेताचे होते आणि घराणी वगैरे त्याला माहीत नव्हती. त्याचे सर्वस्व म्हणजे ताईंचे 'अवघा रंग एक झाला' आणि 'जाईन विचारीत रानफुला'. ४ एप्रिल २०१७ला ताईंच्या अंत्यदर्शनासाठी आम्ही दोघे रवींद्र नाट्य मंदिरात गेलो होतो. रांगेत सगळे हळू आवाजात बोलत होते. तो मला म्हणाला, "दादा, इथे कोणी बोलू नये. त्यांना आवडत नसे." पुढे दादरच्या स्मशानभूमीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

तुम्ही लिहिलेत तसेच माझेही झाले आहे. ती गाणी मी चार वर्षे ऐकलेली नाहीत. आज तुमचे लिखाण वाचून पहिले लावले. पहिले कडवे झाल्यावर बंद केले. उद्या पुन्हा लावीन.

धागालेखिका

शीवकर, तुम्ही लिहिलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. अण्णांनीही ताई गेल्यावर महिनाभर त्यांचे काही लावले नव्हते. त्या महिन्यात ते फक्त माईंच्या ध्वनिमुद्रिका ऐकत होते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "घरात दुःख झालं की आपण आधी आईला भेटायला जातो ना." मग एके दिवशी त्यांनी स्वतःहून फोन करून भूप लावला. आपल्याला जमेल तेव्हा ऐकावे, घाई नसावी.

चुंबकफीत

कॅसेटच्या प्रश्नाला उत्तर देतो. जुन्या फिती अंकीय स्वरूपात आणण्याचे काम मी गेली बारा वर्षे घरी करत आहे, त्यामुळे जे लिहितो ते स्वतः करून पाहिलेले आहे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की भुकटी धरलेली एकही कॅसेट उत्सुकतेपोटी टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये. ती बुरशी आहे. ती हेडवर आणि रबरी रोलरवर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. अशा कॅसेट वेगळ्या पिशव्यांत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह काही आठवडे कोरड्या जागी ठेवाव्यात. बुरशी सुकली की मोकळ्या हवेत, तोंडावर मुखपट्टी बांधून, फीत हाताने सावकाश गुंडाळत मऊ, कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने ती अलगद पुसता येते. पाणी अजिबात लावू नये.

दुसरे म्हणजे कॅसेटच्या आत फितीला हेडवर दाबून धरणारी एक छोटी नमद्याची गादी असते. तिचा गोंद इतक्या वर्षांत सुकतो आणि ती गळून पडते. मग आवाज दबलेला येतो आणि लोकांना वाटते की फीत खराब झाली. चार कोपऱ्यांना स्क्रू असलेली दुसरी रिकामी कॅसेट घेऊन फीत तिच्यात हलवली की काम होते. फितीची रुंदी चार मिलिमीटरांहूनही थोडी कमी असते, त्यामुळे हे काम दिवसाच्या चांगल्या उजेडात करावे. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते. तिच्याशी अधिक जपून वागावे.

तिसरे म्हणजे प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कल थोडा निराळा असतो. वाजवताना हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून तंबोऱ्याच्या जवारीचा, म्हणजे झंकाराचा, आवाज जिथे सर्वांत स्वच्छ येतो तिथे थांबावे. वेगाचेही तसेच. बॅटरी उतरत असताना भरलेली कॅसेट आज वाजवली तर सूर चढा लागतो. ज्यांच्या कानात ताईंचा षड्ज पक्का आहे अशी व्यक्ती शेजारी बसवून वेग लावावा. प्रत एमपीथ्रीत न करता डब्ल्यूएव्हीत, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला करावी, आणि किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

आणि शेवटी कळकळीची विनंती. खरखर, गुणगुण, घरातले आवाज काढून टाकणारी जी साधने संगणकावर मिळतात, ती मूळ प्रतीवर कधीही वापरू नयेत. पातळ फितीवर पुष्कळदा असे होते की एका वेढ्यावरचा स्वर शेजारच्या वेढ्यावर अंधूकसा उमटतो, आणि शांततेत मूळ स्वर येण्याच्या दीड-दोन सेकंद आधी त्याची सावली ऐकू येते. तीसुद्धा राहू द्यावी. काय अनावश्यक आहे हे आज आपण ठरवू नये.

बॅलार्ड पियर

तांत्रिक बाजू चुंबकफीत यांनी उत्तम सांगितली आहे. मी एक कायदेशीर मुद्दा जोडतो. आकाशवाणीवरून घरी टिपलेले गाणे स्वतः ऐकणे आणि त्याची जपणूक करणे निराळे, आणि ते यूट्यूबवर चढवणे निराळे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षे राहतो, आणि प्रसारण संस्थेचाही स्वतंत्र हक्क असतो. शिवाय आपल्या परवानगीविना झालेली ध्वनिमुद्रणे ताईंना मुळीच मान्य नव्हती. अण्णांच्या संग्रहाला त्यांच्याच आवडत्या गायिकेच्या इच्छेविरुद्ध वापरू नये असे मला वाटते. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईतच सुरू झाली. एनसीपीए या कलासंस्थेकडेही ध्वनिसंग्रह आहे. अशा ठिकाणी आधी विचारणा करावी. वह्यांवर मात्र कुटुंबाचा हक्क आहे आणि त्या संमतीने प्रसिद्ध करता येतील. त्या व्हाव्यात, असे मनापासून वाटते.

धागालेखिका

आपण सर्वांनी दिलेल्या सूचनांप्रमाणे काम सुरू केले. यूट्यूबचा विचार माझ्या किंवा वहिनींच्या मनात नव्हता आणि नाही. वह्यांबद्दल वहिनींनी होकार दिला आहे. टंकनाला मी सुरुवात केली आहे, आणि "माझे चुकले" हा रकाना जसाच्या तसा ठेवणार आहे.

बुरशीच्या कॅसेट पिशव्यांत ठेवल्या आहेत. ज्या स्वच्छ होत्या त्यांतल्या चार, एका स्नेह्यांकडून यंत्र उसने आणून, गेल्या रविवारी अण्णांच्याच घरी वाजवल्या. त्यांतली एक १९७८ सालची आहे. लेबलवर निळ्या शाईत "शनि. रा. का. – कि. आ. – भूप" असे लिहिलेले आहे. शनिवारी रात्री होणारा आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम म्हणजे रा. का. त्या वर्षी मी शाळेत होते आणि अण्णा ३४ वर्षांचे होते.

ही कॅसेट तारेने जोडून भरलेली नाही. तेव्हा त्यांच्याकडे रेडिओ वेगळा होता आणि बँकेतल्या सहकाऱ्याकडून मागून आणलेला टेपरेकॉर्डर वेगळा होता, असे वहिनी म्हणाल्या. रेडिओसमोर स्टूल, स्टुलावर उशी, आणि उशीवर टेपरेकॉर्डर. त्यामुळे खोलीत जे जे झाले ते सगळे फितीवर आले आहे. निवेदन चालू असताना गॅलरीतून कोणीतरी जाते. तंबोरे सुरू होतात. मग एक पातेले पडते, अगदी मोठ्याने, आणि पाठोपाठ दबलेल्या आवाजात "शूऽ" असे ऐकू येते.

वहिनी माझ्या शेजारी हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "ते माझ्या हातून पडलं," त्या म्हणाल्या. "दुधाचं होतं. फरशीवर सगळं दूध पसरलं आणि मी कार्यक्रम संपेपर्यंत तशीच उभी राहिले, पुसायचा आवाज होईल म्हणून."

आम्ही पुढे ऐकत राहिलो. वेग लावताना मला अडचण आली नाही. ताईंचा षड्ज माझ्या कानात होता, तो अण्णांनीच तिथे ठेवलेला आहे. विलंबित ख्याल सुरू झाल्यावर सुमारे सहाव्या मिनिटाला ताई पंचमावरून खाली येतात आणि गंधारावर थांबतात. तिथे रेडिओच्या खरखरीपेक्षा किंचित जवळून, उशीच्या अगदी शेजारून, एक "हं" ऐकू येतो. श्वासाइतकाच. पाठोपाठ लाकडावर बोट टेकल्याचा एक बारीक आवाज येतो, बहुधा स्टुलाच्या कडेवर.

मी ती जागा तीन वेळा मागे घेऊन ऐकली. चौथ्यांदा वहिनींनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "आता पुढे जाऊ दे, त्यांना मध्ये थांबवलेलं आवडत नसे."

उरलेल्या कॅसेट पुढच्या रविवारपासून घेऊ. चुंबकफीत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फाईलमधला कुठलाही आवाज काढलेला नाही. पार्लेकर, १९८१ची वही तुम्हाला प्रत्यक्ष पाहायची असल्यास वहिनींनी आपल्याला चहाला बोलावले आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.